पसंतीचे तीन रकाने

१९७९ सालच्या जून महिन्यात मी एका व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाचा अर्ज भरला. आमच्या वस्तीतून बारावी झालेला मी पहिलाच. दादा सालदार होते. पालकाच्या सहीच्या जागी त्यांनी अंगठा उठवला आणि बोटाची शाई धोतराला पुसत ते बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. अर्जावर तीन रकाने होते : पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती. पहिल्या रकान्यात मी मोठ्या शहरातल्या महाविद्यालयाचे नाव लिहिणार, तोच खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज आपल्याकडे ओढला. म्हणाला, "पोरा, तिथं पहिली पसंती टाकशील आणि नंबर नाही लागला, तर जवळचं कॉलेजही हातचं जाईल. पहिल्या पसंतीवाल्यांची यादी आधी लागते. तुझ्यासारख्यानं जवळचं नाव वर टाकावं." मी तसे केले. जवळचे महाविद्यालय मिळाले.

पुढे दोन महिन्यांनी काही कामासाठी त्या मोठ्या शहरात गेलो असता तिथल्या फळ्यावर लावलेली यादी पाहिली. आमच्याच राखीव जागांवर शेवटचा प्रवेश मिळालेल्या मुलाचे गुण माझ्यापेक्षा नऊने कमी होते.

जवळच्या महाविद्यालयात माझे मन लागले नाही. वर्षभराने तो अभ्यासक्रम सोडला, कला शाखेत नाव घातले, आणि पुढे अर्थशास्त्राचा मास्तर झालो. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु 'तुझ्यासारख्यानं' हा शब्द मला पुष्कळ वर्षे छळत राहिला. त्या माणसाच्या आवाजात तुच्छता होती की कळवळा होता, हे मला आजही ठरवता आलेले नाही. आमच्या पिढीला असे प्रश्न जातीच्या भाषेत विचारण्याची सवय आहे, आणि ती सवय अनुभवातूनच लागलेली आहे. तरी एक गोष्ट मला फार उशिरा, निवृत्तीच्या आसपास कळली. त्या कारकुनाने मला फसवले की वाचवले, हे त्याच्या मनावर अवलंबून नव्हतेच. ते अवलंबून होते जागावाटपाच्या नियमावर, आणि तो नियम मला कोणी दाखवला नव्हता. या नियमांचाही एक इतिहास आहे, त्यांच्यावर प्रयोग झालेले आहेत. तो इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठी हा लेख.

*

१९६२ साली 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या नियतकालिकात डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांचा एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला. त्यात आकडेमोड जवळजवळ नाही. महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहाचे स्थैर्य असा त्याचा विषय. अमेरिकेत प्रत्येक महाविद्यालय आपापले प्रवेश स्वतंत्रपणे देई. शंभर जागांसाठी किती मुलांना होकार कळवावा हे महाविद्यालयाला ठाऊक नसे, कारण होकार मिळालेल्यांपैकी किती जण येतील याचा भरवसा नसे. म्हणून मुलाला विचारले जाई, आणखी कुठे अर्ज केलास? आमचा क्रमांक कितवा? आणि मूल विचारात पडे, खरे सांगू की खोटे?

या दोघांनी सुचवलेली रीत अशी. प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या पसंतीकडे अर्ज करील. महाविद्यालय आपल्या जागांइतके, आपल्या मते वरचे, अर्जदार तात्पुरते धरून ठेवील आणि बाकीच्यांना नकार देईल. नकार मिळालेले आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जातील. आता ते दुसरे महाविद्यालय नवे अर्जदार आणि आधी धरून ठेवलेले अर्जदार यांना एकाच रांगेत उभे करून पुन्हा निवड करील. पहिल्या फेरीत आला म्हणून कोणाची जागा पक्की नाही, दुसऱ्या फेरीत आला म्हणून कोणी मागे नाही. कोणालाही नवा नकार मिळेनासा झाला की मगच सगळ्या जागा एकदम पक्क्या करायच्या. हिला मी या लेखात 'तात्पुरत्या स्वीकाराची रीत' म्हणेन.

(विवाहाचे उदाहरण वाचताना मला हसू आले होते. प्रत्येक पुरुषाच्या मनात स्त्रियांचा क्रम आणि प्रत्येक स्त्रीच्या मनात पुरुषांचा क्रम, एवढ्यावर त्यांचे गणित पुरे होते. आपल्याकडे यादी सुरू होण्यापूर्वीच एक रकाना भरलेला असतो, हे त्या गणितज्ञांना कोण सांगणार?)

या रीतीचा मोठा गुण १९८१-८२ च्या सुमारास सिद्ध झाला. अर्ज करणाऱ्या बाजूच्या माणसाला तिच्यात खोटे बोलून काहीही मिळवता येत नाही. खरी पहिली पसंती वर लिहिली आणि ती हुकली, तरी दुसऱ्या पसंतीवरचा त्याचा हक्क तिळभरही कमी होत नाही. मात्र हा गुण अर्ज करणाऱ्या बाजूचा आहे, निवडणाऱ्या बाजूचा नाही. अमेरिकेत नव्या डॉक्टरांना रुग्णालये वाटून देणारी एक मध्यवर्ती यंत्रणा १९५० च्या दशकाच्या आरंभापासून चालू होती. ॲल्विन रॉथ यांनी १९८४ साली दाखवून दिले की ती यंत्रणा, गेल-शॅप्लींचा लेख निघण्याच्या दहा वर्षे आधीपासून, वस्तुतः हीच रीत वापरत होती. पण तिच्यात मागणी घालणारा पक्ष होता रुग्णालयांचा. त्यामुळे जिथे दोन्ही पक्षांचे हित वेगळे पडे तिथे झुकते माप रुग्णालयांना जाई. १९९८ पासून ती यंत्रणा उलटी फिरवली गेली आणि मागणी डॉक्टरांच्या बाजूने सुरू झाली. २०१२ साली रॉथ आणि शॅप्ली यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गेल २००८ मध्ये वारले होते.

*

आता बोस्टनकडे वळतो. तिथली गोष्ट शाळांची आहे, महाविद्यालयांची नाही. पण माझ्या कारकुनाने सांगितलेला नियम मला प्रथम छापील स्वरूपात भेटला तो तिथेच.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे या पानांच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, जून १९७४ मध्ये, न्यायमूर्ती गॅरिटी यांनी निकाल दिला की बोस्टनच्या शाळा समितीने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा हेतुपुरस्सर वेगळ्या ठेवल्या आहेत. मुलांना बसने एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत नेण्याचा आदेश झाला. सप्टेंबरात शाळा उघडल्या तेव्हा साउथ बोस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसगाड्यांवर दगड पडले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस बसच्या सक्तीऐवजी 'पसंती' आली. पालकांनी शाळांचा क्रम लावायचा आणि वर्णाचे प्रमाण सांभाळून शाळा वाटायच्या. १९९९ मध्ये शाळा समितीने वर्णाचा निकष सोडून दिला. राहिला फक्त पसंतीचा अर्ज. म्हणजे दगड झेललेल्या मुलांच्या लढ्यातून निघालेला तो कागद, त्याच्यामागचे कारण गळून पडल्यावर, नुसता कागद म्हणून उरला.

त्या कागदामागचा नियम असा होता. पहिल्या फेरीत फक्त पहिल्या पसंत्या पाहायच्या आणि मिळालेल्या जागा तिथल्या तिथे पक्क्या करायच्या. दुसऱ्या फेरीत उरलेल्या जागा दुसऱ्या पसंतीवाल्यांना. तुमचा हक्क कितीही मोठा असो, तुम्ही त्या शाळेचे नाव दुसऱ्या क्रमांकावर लिहिले आणि पहिल्या फेरीतच ती भरली, तर हक्क संपला. माझ्या कारकुनाचे शब्द आठवा : पहिल्या पसंतीवाल्यांची यादी आधी लागते. असा नियम असेल तर खरी आवड लिहिणे हा जुगार ठरतो. ज्याला हरणे परवडते त्यानेच तो खेळावा.

अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि तैफून सोन्मेझ या दोन तुर्की अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली या रीतीवर टीका करणारा लेख लिहिला. टीका तर्काची होती. लोक खरोखरच खोटे क्रम लिहितात काय, हे दाखवायचे होते. बोस्टनच्या अर्जांकडे पाहून ते कळत नाही, कारण अर्जावर लिहिलेली पसंती दिसते, मनातली दिसत नाही. फळ्यावरच्या त्या यादीत माझे नाव नव्हते. मला तिथे जायचे होते, हेही कोणत्याच यादीत नव्हते. सरकारी आकडेवारीत मी 'पहिली पसंती मिळालेला समाधानी विद्यार्थी' म्हणून नोंदला गेलो असणार.

म्हणून प्रयोग. यान चेन आणि सोन्मेझ यांचा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. एका वेळी ३६ जण खोलीत बसवले. सात काल्पनिक शाळा : दोन शाळांत तीन-तीन जागा, पाच शाळांत सहा-सहा, मिळून ३६. कोणती शाळा मिळाल्यास तुला किती पैसे मिळतील, हे प्रत्येकाला स्वतःपुरते सांगितलेले. म्हणजे त्याची 'खरी आवड' प्रयोग करणाऱ्याला ठाऊक. प्रत्येकाची एक 'वस्तीची शाळा', जिथे त्याला अग्रहक्क. मग क्रम लिहायचा, कोणा गटाला बोस्टनच्या नियमाखाली, कोणाला गेल-शॅप्लींच्या, कोणाला आणखी एका तिसऱ्या. लिहिलेला क्रम आणि खरी आवड शेजारी ठेवली की खोटे तत्काळ दिसते.

बोस्टनच्या नियमाखाली बहुसंख्य लोकांनी आवड लपवली. लपवण्याची तऱ्हाही ओळखीची होती : वस्तीची शाळा, जी हमखास मिळणार, ती ओढून वर आणायची. गेल-शॅप्लींच्या नियमाखाली हे प्रमाण कितीतरी कमी झाले आणि एकूण समाधानही वाढले. बोस्टनच्या शाळा समितीने जुलै २००५ मध्ये जुना नियम टाकून तात्पुरत्या स्वीकाराची रीत घेतली. तेव्हा शहराच्या शिक्षण अधिकाऱ्यांनी पुढे केलेले एक कारण मला महत्त्वाचे वाटते. ज्यांना डावपेच कळत नाहीत त्यांचे जुन्या नियमात नुकसान होते, असे त्यांनी मान्य केले. कारण शहराच्या पश्चिम भागात पालकांचा एक गट होता. कोणत्या शाळेला किती मागणी आहे याची माहिती जमवून ते एकमेकांना क्रम कसा लावावा हे शिकवत. २००८ साली पराग पाठक आणि सोन्मेझ यांनी गणिताने मांडले की अशा नियमात चतुरांचा फायदा सरळ माणसांच्या तोट्यातून येतो. म्हणून चतुर लोक जुना नियम टिकवू पाहतात, यात नवल नाही.

आमच्याकडे ही चतुराई कोणाच्या घरी असते, हे उघड आहे. तिला आपण चतुराई म्हणत नाही. 'मार्गदर्शन' म्हणतो. मामा प्राध्यापक, काका कार्यकारी अभियंता, शेजारी क्लासवाले. परीक्षेचा पेपर सगळ्यांना एकच असतो, असे आपल्याला सतत ऐकवले जाते. पण अर्जावरचा पसंतीक्रम हा दुसरा पेपर आहे. त्याचा अभ्यासक्रम कुठे छापलेला नसतो. आणि त्यातला निकाल पुढे 'गुणवत्ता' या नावाखालीच वाचला जातो.

*

यानंतरचा एक प्रयोग मला सर्वांत जास्त बोचला. कालसामिल्या, हेरिंगर आणि क्लाइन यांनी २०१० साली त्याच सात शाळांचा खेळ पुन्हा मांडला, पण अर्जावर सातांपैकी तीनच नावे लिहिता येतील अशी अट घातली. एवढाच बदल. लगेच उत्तम नियमही बिघडला. तीनच रकाने आहेत म्हटल्यावर त्यातला एक तरी 'हमखास' शाळेसाठी राखावा लागतो. खोट्या क्रमांची संख्या वाढली. आणि आणखी एक गोष्ट वाढली : मुले आपापल्या वस्तीच्या शाळेतच अडकून पडण्याचे प्रमाण. त्या संशोधकांनी याला विलगीकरण असाच शब्द वापरला आहे. कोणी कोणाला दारातून हाकलले नाही. कागदावरचे चार रकाने काढून टाकले, एवढेच. माझ्या अर्जावर तीन रकाने होते.

मात्र या प्रयोगांविषयी माझी एक तक्रार आहे. खोलीत बसलेले बहुतेक विद्यापीठाचे विद्यार्थी असतात. हरले तर काही डॉलर कमी मिळतात. सर्वांना एकच सूचनापत्र, एकाच भाषेत, एकाच वेळी वाचून दाखवलेले असते. खिडकी नाही, खिडकीमागे कारकून नाही, बाहेर लिंबाखाली अंगठ्याची शाई पुसणारा बाप नाही. इतक्या सुरक्षित खोलीतही माणूस घाबरून आपली आवड खाली ढकलतो, तर बाहेर काय होत असेल? २०१८ साली ॲलेक्स रीस-जोन्स आणि सॅम्युअल स्कोव्रोनेक यांनी १,७१४ अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला. हे विद्यार्थी खऱ्या वाटपातून नुकतेच बाहेर पडलेले, खरे क्रम लिहा म्हणून पढवलेले, आणि नियम असा की खोट्याने फायदा होणारच नाही. तरीही २३ टक्क्यांनी क्रम बदलून लिहिला. म्हणजे नियम चांगला असणे पुरत नाही. नियमावर विश्वास बसावा लागतो. ज्या समाजाला प्रत्येक खिडकीवर वेगळा नियम ऐकवला गेला, तो छापील नियमावर विश्वास कसा ठेवणार?

माझ्या मताला छेद देणारा एक पुरावाही आहे आणि तो लपवणे बरे नाही. हंगेरीत सरकारी खर्चाच्या आणि स्वखर्चाच्या जागांसाठी वेगवेगळी नावे लिहावी लागतात. फुकटची जागा वर लिहिण्यात काहीच तोटा नसताना अनेक अर्जदार ती लिहीतच नाहीत. शोरेर आणि शोवागो यांना आढळले की तिथे महागात पडणाऱ्या अशा चुकांमुळे फुकटच्या जागा बऱ्या घरांतून गरीब घरांतल्या मुलांकडे सरकतात. तेव्हा चूक नेहमी गरिबाच्याच माथी पडते असा सिद्धांत मांडता येणार नाही. नियम कोणता, चूक कशाची, हे प्रत्येक ठिकाणी उघडून पाहावे लागते.

चीनने हे सर्व कोट्यवधी मुलांवर करून पाहिले. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली विद्यापीठ प्रवेश परीक्षा तिथे १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यानंतर बराच काळ प्रवेशाचा नियम बोस्टनसारखाच होता : पहिली पसंती हुकली की दुसऱ्या विद्यापीठाचे दार जवळजवळ बंद. काही ठिकाणी तर गुण कळण्याआधीच पसंती लिहून द्यावी लागे. उत्तम गुण मिळवून साध्या विद्यापीठात पडलेली मुले, आणि पालकांचा संताप. शेवटी प्रांतांमागून प्रांतांनी 'समांतर पसंती'ची रीत घेतली. तिच्यात काही पसंत्यांचा एक गट एकत्र धरतात आणि त्या गटापुरता स्वीकार तात्पुरता ठेवतात. २०१२ पर्यंत ३१ पैकी २८ प्रांतांत ती आली होती. यान चेन आणि ओनुर केस्टेन यांनी ही रीतही प्रयोगशाळेत तपासली. खरे बोलण्यात ती बोस्टनच्या वर आणि गेल-शॅप्लींच्या खाली उतरली.

*

आता आपल्या घरचा प्रश्न. राखीव जागा असलेल्या यादीत हे गणित कसे चालते? इथे पसंतीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असतो, प्रवर्गाचा.

ब्राझीलमध्ये २०१२ साली कायदा झाला. केंद्रीय विद्यापीठांतील निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी, आणि त्यातच गरीब, कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय व आदिवासी मुलांसाठी वाटे. उद्देश स्वच्छ होता. पण अर्ज करतानाच एक प्रवर्ग निवडावा लागे, आणि राखीव रांगेत उभा राहिलेला मुलगा खुल्या रांगेत मोजलाच जात नसे. आयगून आणि बो या संशोधकांनी दाखवले की यामुळे राखीव रांगेत नाकारलेल्या मुलापेक्षा कमी गुणांचा मुलगा खुल्या रांगेतून आत जाऊ शकतो. म्हणजे आपला हक्क सांगणे हेच नुकसानीचे. २०२३ मध्ये ब्राझीलने कायदा बदलला. आता प्रत्येकाला आधी खुल्या जागांवर मोजतात, मग राखीव जागांवर.

आपल्याकडे हे तत्त्व आधीपासून आहे : खुली जागा कोणा जातीची नसते, गुणांवर जो बसेल त्याची. पण पसंतीक्रम मध्ये आला की तिथेही पेच पडतो. मागास प्रवर्गातला मुलगा स्वतःच्या गुणांवर खुल्या यादीत आला, तर तिथे त्याला दुय्यम महाविद्यालय मिळे, आणि त्याच्यापेक्षा कमी गुणांच्या त्याच्याच प्रवर्गातील मुलाला राखीव जागेवर चांगले महाविद्यालय. जास्त गुण मिळवल्याबद्दल शिक्षा! महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हा पेच सोडवला. अशा मुलाने चांगल्या महाविद्यालयासाठी राखीव जागा घेतली तरी तो खुल्या यादीतलाच समजला जावा. मग त्याने सोडलेल्या जागेचे काय? ते स्पष्ट व्हायला २०१८ उजाडले : त्याच्या निवडीमुळे ज्या राखीव प्रवर्गातील मुलाची जागा गेली, त्याला ती द्यावी. बावीस वर्षे! तेवढ्या काळात बावीस याद्या लागून गेल्या.

बोस्टनवाल्या सोन्मेझ यांनीच पुढे बुमिन येनमेझ यांच्याबरोबर भारतीय आरक्षणाचे नियम अभ्यासले. तो लेख २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांसारख्या समांतर राखीव जागा भरण्याची जी कृती न्यायालयाने १९९५ मध्ये घालून दिली होती, तिच्यात मागास प्रवर्गातील स्त्री खुल्या प्रवर्गातील स्त्रियांच्या जागेपासून वंचित राहू शकते आणि तिच्यापेक्षा कमी गुणांची उच्चवर्णीय स्त्री ती जागा घेऊ शकते, हा दोष त्यांनी गणिताने उघडा केला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दोष दूर केला. ते प्रकरण पोलीस भरतीचे होते, पण नियम प्रवेशालाही तोच लागतो. एक तुर्की माणूस अमेरिकेत बसून आमच्या राखीव जागांचा हिशेब मांडतो, आणि आमच्या विद्यापीठांतले अर्थशास्त्र विभाग, ज्यात मीही तीस वर्षे होतो, राखीव जागा असाव्यात की नसाव्यात यावर परिसंवाद भरवतात. त्या भरायच्या कशा, हे आम्ही कारकुनावर सोपवले होते.

एक बरे झाले. आयआयटी आणि एनआयटी यांचे प्रवेश पूर्वी वेगवेगळे होत. वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी दोन्हीकडे जागा अडवून बसत आणि शेवटी एक रिकामी सोडत. २०१५ पासून दोन्हींचे वाटप एकत्र होते, तात्पुरत्या स्वीकाराच्या रीतीवर, आणि रकान्यांना तीनाची मर्यादा नाही.

पण गणित जिथे संपते तिथे शुल्क सुरू होते. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलाला याच वाटपात धनबादच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. जागा पक्की करण्यासाठी १७,५०० रुपये ठरलेल्या वेळेत भरायचे होते. गावातून पैसे गोळा होईपर्यंत मुदत टळली आणि संगणकाने दार लावून घेतले. तो मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला म्हणून ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्याला जागा परत मिळाली.

पैशाच्या भीतीवर मिशिगन विद्यापीठाने एक प्रयोग केला होता. त्याचा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब घरांतील हुशार मुले त्या विद्यापीठाकडे अर्जच करत नसत, जरी त्यांपैकी बहुतेकांना तिथे शुल्कमाफी मिळालीच असती. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही शाळांतील अशा मुलांना विद्यापीठाने घरी पत्र पाठवले : तुला प्रवेश मिळाला तर चार वर्षे शुल्क नाही, कागदपत्रांची अट नाही. नवा पैसा जवळजवळ नव्हताच. फक्त 'मिळू शकेल' याऐवजी 'मिळेल' असे लिहिले. पत्र न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला, पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. मुले तीच, त्यांचे गुण तेच.

*

मागच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाची मुलगी अभियांत्रिकीचा अर्ज भरायला माझ्याकडे आली. आता खिडकी नाही, मोबाइल आहे. तिच्या हातात एक वही होती. नेट कॅफेवाल्याने तिला क्रम लिहून दिला होता. पहिल्या ओळीत आमच्या जिल्ह्याच्या गावचे खासगी महाविद्यालय होते. मी विचारले, "तुला कुठे जायचंय?"

"पुण्याला. पण काका, तो म्हणाला, आपल्यासारख्यांनी आधी हमखास मिळणारं टाकावं."

पंचेचाळीस वर्षांत शब्द फारसा बदलला नव्हता.

त्या रात्री आम्ही दोघांनी माहितीपुस्तिका काढून बसलो. नियम तिच्यात होता, इंग्रजीत, बऱ्याच पानांनंतर. तो मी तिला मराठीत समजावून सांगितला. वरचे नाव हुकले म्हणून खालच्या नावावरचा हक्क जात नाही, हे तिला पटायला अर्धा तास लागला. कागदावर चार मुले आणि तीन महाविद्यालये काढून आम्ही गेल-शॅप्लींचा खेळ दोनदा खेळलो. पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते, ही अट मात्र खरी होती. म्हणून मी म्हटले, पहिल्या ओळीत तेच लिही जे मिळाल्यावर तुला रडू येणार नाही. तिने वहीतले पान फाडले आणि पुण्यापासून सुरुवात केली. बरीच नावे झाली. नेट कॅफेवाल्याचे महाविद्यालय तिने शेवटून तिसरे टाकले.

मग तिने विचारले, "काका, तो आपल्याला मुद्दाम चुकीचं सांगत होता का?"

मी म्हणालो, त्याला कोणी सांगितले असेल ते तो सांगत होता. ते उत्तर मी तिला दिले की १९७९ सालच्या त्या माणसाला, हे माझे मला नीट कळले नाही. तिने अर्ज पक्का केला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. भाऊ ओट्यावर बसून होता. पालकाच्या सहीची गरज आहे का, असे त्याने आतमध्ये डोकावून दोनदा विचारले.